शून्य नंबरचा बाक

त्या शनिवारी सकाळी ज्ञानेश्वरीने स्वतःशी एक करार केला. आज कॉलेज सुटेपर्यंत वर्गातलं कुणी आपल्याशी एक धड वाक्य बोललं, तर राहायचं. नाही बोललं, तर सावेडीच्या खोलीतली गादी गुंडाळायची, आप्पांच्या पिकअपमध्ये टाकायची आणि सरळ घरी, राळेगणला. ॲडमिशन रद्द करायला अजून सोमवार हातात होता.

धड वाक्याचेही नियम होते. ‘सरक जरा’ धरायचं नाही. ‘ही बाटली तुझी का’ हे तर मुळीच नाही, कारण बाटली तिची नव्हती, आणि ‘नाही’ म्हटल्यावर विचारणारी बाटली घेऊन पुढच्या मुलीकडे गेली होती.

तसं वर्गातलं कुणी वाईट नव्हतं. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेली पोरं म्हणजे ताकाच्या वेळी पंगतीला पोचलेली पाहुणेमंडळी. कुणी ऊठ म्हणत नाही, पण वाढपीही फिरकत नाही. कुणाची भाजी कुणाच्या डब्यात जायची हे पहिल्या वर्षीच ठरून गेलेलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेण्याचं काम ॲडमिनचं, आणि ॲडमिन उन्हाळ्यात मेकॅनिकलला गेला होता. तो आता दुसऱ्याच खात्याचा माणूस असल्यामुळे त्याला आपल्या अधिकारात तसं करता येईना. असं तो म्हणाला, म्हणजे म्हणाला असं ऐकलं.

घरी आप्पा, म्हणजे तिचे वडील आबासाहेब, आणि चार गाई. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आप्पा रोज संध्याकाळी दूध घालून आले की फोन करत. “काय चाललंय?” “काही नाही.” “इकडं पन काय न्हाई.” मग दोघंही थोडा वेळ फोन कानाला लावून तसेच बसत, आणि मागे एखादी गाय हंबरली की तेवढंच कुणीतरी काहीतरी बोलल्यासारखं होई. ये परत, असं आप्पा कधी म्हणाले नाहीत. “पिकअप मोकळीच असती,” एवढंच म्हणत. आज दुपारी कळवते, असं तिने सांगितलं होतं.

शनिवारी शेवटचा तास फैयाज सरांचा. विषय कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन अँड आर्किटेक्चर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात कोण कुठे बसतं आणि कोण कुणाचं ऐकतं. फैयाज सर तरुण होते आणि त्यांना विषय आवडत होता. शिकवणाऱ्या माणसात या दोन गोष्टी एकदम आल्या की वर्गाने सावध राहावं. आकृत्या काढून पोरांना काही कळेना, तेव्हा सरांनी ठरवलं की वर्गाचाच कॉम्प्युटर करायचा.

आदल्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. प्रत्येक बाक म्हणजे मेमरीतलं एक घर आणि रोल नंबर म्हणजे त्या घराचा पत्ता. चिठ्ठीवर एक सूचना. सूचना पाचच: आण, मिळव, ठेव, उडी मार, थांब. खिडकीकडच्या रांगेला शंभरापासूनचे नंबर दिले होते आणि तिथल्या पोरांकडे नुसते आकडे होते.

“आणि लक्षात ठेवा,” सर म्हणाले, “मेमरीला अक्कल नसते. आपल्याजवळ सूचना आहे का आकडा, हे तिला कळत नाही. विचारलं की जे असेल ते द्यायचं. विचारलं नाही तर गप्प बसायचं.”

ज्ञानेश्वरीला वाटलं, हे आपल्याला जमेल.

सरांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. यादी ॲडमिशनच्या आधी छापलेली. सरांनी क्षणभर विचार केला. “एकाच्या आधी काय येतं?” “शून्य, सर.” “मग तू शून्य.” दाराजवळच्या पहिल्या बाकावर तिला बसवलं. सूचना संपल्या होत्या, म्हणून चिठ्ठी कोरीच दिली.

हर्षल प्रोग्रॅम काउंटर होता. पुढचा नंबर कुठला, एवढं बोटांवर धरून ठेवायचं त्याचं काम. बेरजेला दिपाली होती, कारण तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आणि पत्ता घेऊन त्या बाकावर जायचं, तिथलं काय ते उचलून सरांकडे आणायचं, ही सगळी हमाली राहुरीच्या मुबश्शिराकडे. तिला सरांनी बजावलं होतं, “तू स्वतःचं काही बोलायचं नाही. मागायचं, आणायचं, द्यायचं. सांगितलं नाही तर जागचं हलायचं नाही.”

मुबश्शिरा नियमाची पक्की. पहिल्या वर्षी आगीची तालीम झाली तेव्हा सगळे मैदानात जमले, हजेरी झाली, सगळे परत गेले. मुबश्शिरा तिन्हीसांजेपर्यंत मैदानात उभी. परत जा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि ती नाहीये हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सरांनी डस्टर टेबलावर आपटला. ते घड्याळाचे ठोके.

“एक,” हर्षल म्हणाला.

मुबश्शिरा एक नंबरच्या बाकावर गेली. “काय आहे तुझ्याकडं?” “शंभरचा आकडा आण.” शंभरवर सात होते. पुढच्या ठोक्याला एकशे एकवरचे नऊ आले. दिपालीने बेरीज केली, सोळा, आणि सवयीने “सुट्टे द्या” म्हणाली. सोळा एकशे दोनवर ठेवले. वर्गाला हुरूप आला. सात आणि नऊ सोळा होतात हे त्या वर्गात पूर्वीही माहीत होतं, पण एवढ्या माणसांनी मिळून ते कधी केलं नव्हतं.

आता शेवटच्या बाकावर उडी मारायची आणि थांबायचं, एवढंच राहिलं होतं. ‘थांब’ची चिठ्ठी शेवटच्या बाकावरच्या रविराजकडे. रविराज आला नव्हता. त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता, आणि अख्खं मशीन थांबवणारी एकमेव सूचना त्याच्या शर्टाच्या खिशातून साखरपुड्याला गेली होती.

मुबश्शिराने रिकाम्या बाकापुढे उभं राहून त्यालाही विचारलं, “काय आहे तुझ्याकडं?” रिकाम्या घरातही काहीतरी असतंच, असं सरांनी शिकवलं होतं. तिने वाकून पाहिलं आणि बाकावर कर्कटकाने कोरलेलं होतं ते आणलं. “भावी आमदार.”

“ही सूचना मशीनला कळत नाही,” सर म्हणाले. “पुढचा नंबर.”

हर्षलने बोट वाढवलं. पुढे बाकच नव्हता, मागचं दार होतं. मुबश्शिरा दारातून बाहेर गेली. व्हरांड्यात स्टुलावर कारभारीमामा शिपाई बसले होते.

“काय आहे तुमच्याकडं?” तिचा आवाज आत आला.

“गुडघेदुखी,” मामा म्हणाले. “लई दिसापास्नं.”

ती परत आली. “गुडघेदुखी, सर.”

सरांनी दोन्ही हात वर केले. “बघा, हे मशीन आता गावभर फिरेल. म्हणून रिसेट लागतो. रिसेट केलं की प्रोग्रॅम काउंटर कितीवर येतो? एकवर नाही बरं का. शून्यावर.”

हर्षलने सगळी बोटं मिटली. “शून्य.”

पहिल्यांदाच सगळा वर्ग दाराजवळच्या बाकाकडे वळला. मुबश्शिरा समोर येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती.

“काय आहे तुझ्याकडं?”

वाक्य धड होतं. पण ज्ञानेश्वरीने ते मनातल्या मनात बाद केलं. ती ड्यूटी होती, हेच ती रविराजच्या रिकाम्या बाकालाही विचारून आली होती. उत्तर सोपं होतं. काही नाही. रोज संध्याकाळी फोनवर देऊन गुळगुळीत झालेलं उत्तर. ते म्हटलं असतं की मुबश्शिरा एकवर गेली असती आणि पुन्हा सात, नऊ, सोळा.

तिने पेन काढलं, कोऱ्या चिठ्ठीवर एक शब्द लिहिला आणि चिठ्ठी दिली.

“थांब,” मुबश्शिराने मोठ्याने वाचलं. आणि थांबली.

“हे कुणी दिलं होतं तुला?” सर म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “बरं, पुन्हा रिसेट.”

“शून्य,” हर्षल म्हणाला.

“थांब,” मुबश्शिराने वाचलं. ती आधीच तिथे होती, त्यामुळे तिला चालावंही लागलं नाही.

“कळलं का रे? पहिल्याच घरात थांब आहे. हे मशीन आता कधीच सुरू व्हायचं नाही. कितीही वेळा चालू करा, हिच्यापाशी येणार आणि थांबणार.”

“ए शून्य, खोड ना ते,” मागून कुणीतरी म्हणालं. “शून्य, अगं घरी जायचंय आम्हाला.” दिपालीने तर हात जोडले. “शून्यताई, उपकार करा.” इतक्या दिवसांत वर्ग तिच्याशी एवढा बोलला नव्हता. सगळे शून्याशी बोलत होते. नाव कुणी विचारलं नाही. ज्ञानेश्वरीने पेनला टोपण लावलं.

तेवढ्यात प्राचार्यांच्या गाडीमागे कुणाची तरी स्कूटर लागल्याचा निरोप आला. नंबर सरांचा होता. “कुणी हलायचं नाही, आलोच,” म्हणत सर धावले.

दोन-तीन मिनिटं मशीन खरंच स्तब्ध होतं. मग शेवटच्या रांगेने मोबाईल काढले. मग बेल झाली. हर्षलने मुठी उघडून पाहिल्या, त्यांत काही नाही अशी खात्री करून घेतली आणि दप्तर उचललं. पाहता पाहता मेमरी रिकामी झाली.

मुबश्शिरा उभीच.

बाहेर कारभारीमामा एकेक खोली बंद करत होते. इकडच्या दारात येऊन त्यांनी दोघींना पाहिलं, कुलूप खिशात टाकलं आणि पुढच्या खोलीकडे गेले.

“मी बसू का?” मुबश्शिरा म्हणाली. “पाय दुखायलेत.”

हे मात्र ड्यूटीत नव्हतं. ज्ञानेश्वरी सरकली. सरकताना तिच्या लक्षात आलं, या महिनाभरात सरक म्हटल्याशिवाय ती पहिल्यांदाच सरकत होती. मुबश्शिरा बाकाच्या अगदी कडेला बसली, सर आले तर पटकन उठता यावं म्हणून.

फोन थरथरला.

“गेटवर हाय मी,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, दुपारी कळवते म्हटलं होतं ना.”

“व्हय. पन गाडी मोकळीच हुती. म्हनलं, जाऊन थांबावं. गादी गुंडाळली का?”

“नाही.”

“मग?”

ज्ञानेश्वरीने दाराकडे पाहिलं. सर येत नव्हते. “आमचं मशीन बंद पडलंय. मला उठता येत नाही.”

“मग वायरमन बोलवा की.”

“वायरमनचं काम नाही, आप्पा. सर येईपर्यंत बसायचंय.”

“एकटीच हायस का?”

तिने शेजारी पाहिलं. मुबश्शिरा मांडीवर हात ठेवून सरळ समोर फळ्याकडे बघत होती, दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नसल्यासारखं.

“नाही. एक मुलगी आहे. राहुरीची.”

आप्पा पुन्हा गप्प झाले. मागे गाय नव्हती, त्यामुळे ही शांतता बरीच लांबली.

“जेवली का ती?”

“नाही अजून.”

“मग जेवा म्हनावं दोघी.” ते खाकरले. “मी निघतो. पेठंतनं सरकी पेंडीची दोन पोती टाकून नेतो. मोकळी गाडी न्यायला बरं न्हाई वाटत.”

“आत या की आप्पा. थोडं बसा.”

“न्हाई गं. गाई हायेत.”

फोन ठेवल्यावर ती खिडकीपाशी गेली नाही, पण बाकावरूनही गेट दिसत होतं. पांढरी पिकअप वळली. मागेपुढे कुणी नसताना आप्पांनी इंडिकेटर लावला, तो लावून बराच वेळ गाडी तिथेच उभी राहिली, आणि मग गेली.

“गेले?” मुबश्शिराने विचारलं.

“हो.”

“मला वाटलं, आत येतील.”

“मलाही,” ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि डबा काढला.