कॅप स्टॉफरची गाडी वळणावर बसली

ट्रिना, ती कॉफी ठेव खाली आणि आधी ऐक. मध्ये बोलायचं नाही. तू पिट्सबर्गला जाऊन बसलीस, त्यामुळे तुला कुणीतरी फोन करून भलतंच सांगणार, त्याच्या आत मी सांगते. गावात म्हणतायत की रोझेला कोवाचने, म्हणजे मी, एका म्हाताऱ्या ड्रायव्हरची भर गर्दीत अब्रू घेतली. घेतली! पण कशी घेतली ते तर ऐक.

लॉयड स्टॉफर आठवतो ना? आपल्या कोलब्रुकमध्ये सगळे त्याला कॅप, म्हणजे कॅप्टन, म्हणतात. का म्हणतात देव जाणे, त्या माणसाने जन्मात कधी होडीसुद्धा चालवलेली नाही. मालगाडीचा ड्रायव्हर, बास. पण बर्निसच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर बसून कोबी-नूडल्सची हालुश्की चापत असा बोलतो, की जणू डोंगरावर रूळ त्यानेच दातांनी ओढत नेले. "माझ्या काळी", "मी एकट्याने", "त्या बर्फात". दर वेळी बर्फ फूटभर वाढतो. आणि बाकीचे बावळट माना डोलावतात, एकजण तर स्वतः उठून त्याचा कप भरून आणतो!

आणि आम्हाला काय म्हणतो माहितीये? ढकलगाडीवाले. तूच म्हणाली होतीस, दिवसभर तोच डोंगर चढायचा आणि तोच उतरायचा म्हणजे वेड लागेल. लागतं. खालून मालगाडी आली की आमची दोन इंजिनं तिच्या शेपटीला लावायची, माथ्यापर्यंत ढकलायची, सुटायचं, खाली यायचं, की पुढची तयार. माथ्यावर पोचलं की पुढचा ड्रायव्हर रेडिओवर थँक्स म्हणतो, एवढी साधी रीत आहे. सगळे म्हणतात. कॅपने आजवर कुणालाच म्हटलेलं नाही. त्याच्या मते त्याची गाडी त्याच्या प्रतापाने चढते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मागच्याने स्वतःच्या मनाने ढकलायचं नसतं. पुढचा सांगेल तेव्हा, तो सांगेल तेवढंच. कारण पुढे ओढ कमी आणि मागून जोर जास्त झाला ना, की मधल्या रिकाम्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, वळणावर सरळ रुळाबाहेर फेकल्या जातात. म्हणून पुढच्याचा शब्द म्हणजे हुकूम.

आणि मी अजून परीक्षेवर आहे. वसंतापर्यंत एक जरी ठपका आला तर खुर्ची गेली, परत जमिनीवर. परत बर्फात वाकून ब्रेकचे पाइप जोडायचे आणि बोटं जाग्यावर आहेत का ते मोजायचं. मला नाही जायचं परत. ह्या खुर्चीसाठी मी काय काय केलंय तुला माहितीये. कॅपलाही माहितीये, तेच तर.

तर शनिवार. ऑक्टोबर, पानं लाल-पिवळी, म्हणजे मोठ्या वळणावर गाड्या बघायला ही जत्रा! घडीच्या खुर्च्या, थर्मास, कॅमेरे, आणि प्रत्येकाच्या कमरेला तो रेडिओ ऐकायचा डबा. आम्ही शिंकलो तरी त्यांना ऐकू जातं. त्यात कॅप पुढच्या आठवड्यात रिटायर होणार, म्हणून त्याच्या भाच्याने टी-शर्ट छापलेले. छातीवर कॅपचं थोबाड आणि खाली "डोंगराचा शेवटचा राजा". शपथ! मोठी माणसं ते घालून उभी होती.

मी आणि डेझ, डेझमंड गं, माझा गार्ड, आम्ही खाली यार्डात शेपटीला इंजिनं जोडत होतो आणि बघते तर कॅप स्वतः चालत येतोय. अख्खी गाडी ओलांडून! जो माणूस हॉटेलात मीठ मागायलाही हात लांब करत नाही.

"काय गं कोवाच, आज मागे तू?"

"मीच. का, नशीब खराब?"

"चालेल. ऐक, वळणाच्या तोंडाशी जुनी पाण्याची टाकी आहे ना, तिथून तू थ्रॉटल बंद करायचं. नुसतं मागून येत राहायचं. वळण संपलं की मी 'आता' म्हणेन, मग ढकल."

"बंद? का?"

"तू ढकललंस की माझी इंजिनं आरामात चढतात. लोकांना गर्जना हवीये, पोरी. रेकॉर्ड करतायत."

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. डेझ म्हणाला, "कॅप, रात्री पाऊस झालाय. रुळावर पानं चिकटलीत, साबण फासल्यासारखी."

"तू मला पानं शिकवणार? तुझा बाप पाळण्यात होता तेव्हा मी हा डोंगर चढवलाय."

"मग टाकीपाशी आलो की रेडिओवर सांगा," मी म्हटलं.

"रेडिओवर कशाला? सगळं गाव ऐकतं. आता सांगितलं ना तोंडाने? की परत पाइप जोडायला जायचंय तुला?"

आणि हसला. दातात कोबी अडकलेला. मी मान हलवली. भुवया उडवू नकोस, ट्रिना, मला कळतं. पण हुकूम त्याचा आणि वर तो टोमणा. मी म्हटलं बरं.

निघालो. टाकीपर्यंत मी आठव्या नॉचवर, पूर्ण जोर, गाडी मस्त चढत होती. टाकी आली, मी थ्रॉटल बंद केलं. आता हा शहाणा काय विसरला माहितीये? मी ढकलायचं थांबले की माझी दोन इंजिनं काही हवेत उडून जात नाहीत. त्यांचंही वजन त्याच्याच गळ्यात! म्हणजे मदतनीस सोडला आणि त्यालाच खांद्यावर घेतला. चाळीस वर्षांचा अनुभव म्हणे.

त्या वळणाची गंमत तुला माहितीये, गाडी पुरी वाकली की शेपटीतून दरीपलीकडे तिचं तोंड दिसतं. मला त्याची इंजिनं स्वच्छ दिसत होती. गर्दी हात हलवतेय, कॅप खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलाय, आणि गर्जना तर काय, खिडक्या थरथरत होत्या. पाव मिनिट राजा होता तो. मग चाकांची पकड सुटली. जागच्या जागी गरगर! पकडीसाठी रुळावर वाळू टाकली असेल, नसेल, पण पानांचा लगदा झालेला. गाडी मंद झाली, आणखी मंद झाली, आणि बसली. भर गर्दीसमोर, टी-शर्टांच्या पुढ्यात. कॅपने ब्रेक लावले आणि ती गर्जना पण बंद.

डेझ म्हणाला, "अरे देवा."

मी म्हटलं, आता 'आता' म्हणेल. माइक हातातच धरलेला होता मी. आणि रेडिओवर काय यावं?

"हेल्पर! मागे झोपलात की काय? तुमच्यामुळे गाडी बसली!"

ट्रिना, मला आधी कळलंच नाही की हे मला आहे. एवढ्या सहज! आवाजात जरासुद्धा थरथर नाही. तोवर कंट्रोलरूममधून डिस्पॅचर मध्ये पडला. "हेल्पर, तुमच्या इंजिनात बिघाड आहे का? तुमच्यामागे प्रवासी गाडी थांबवलीये मी."

डेझने माझं मनगट धरलं. "बिघाड आहे म्हण. म्हण आणि सोड, रोझ. वर्कशॉपवाले बघतील काय ते." कारण आपल्याकडे ते आहे ना, ड्रायव्हरने ड्रायव्हरला रेडिओवर उघडं पाडायचं नाही. काय भांडायचं ते खोलीत, दार लावून. माझे बाबा, त्यांचे बाबा, सगळे तसेच वागले.

पण बिघाड म्हटलं की तपासणार. तपासलं की इंजिन ठणठणीत. इंजिनातल्या यंत्रात आपोआप झालेली नोंद काय, तर टाकीपासून रोझेला कोवाचने थ्रॉटल बंद केलेलं. मग मी खोटारडी आणि झोपाळू, दोन्ही. खुर्ची गेली. आणि कॅप शुक्रवारी केक कापणार! मी दरीपलीकडे पाहिलं. त्याने कोपर आत घेतलं होतं आणि गर्दीकडे बघून खांदे उडवत होता. खांदे! म्हणजे, काय करणार बुवा, मागे पोरगी आहे.

मी बटण दाबलं.

"डिस्पॅचर, बिघाड नाही. दोन्ही इंजिनं चालू आहेत. कॅप स्टॉफरनी यार्डात सांगितलं, टाकीपासून ढकलू नकोस, लोकांना माझ्या इंजिनांची गर्जना ऐकायचीये. ते 'आता' म्हणाले की ढकलते."

आणि मग पलीकडे सगळी डोकी, सगळी, कमरेच्या डब्याकडून हळूहळू त्याच्या खिडकीकडे वळली. त्याने खिडकी लावून घेतली. खिडकी! काचेमागे गेला की दिसत नाही असं वाटलं असेल.

"कॅप, हे खरं आहे?" डिस्पॅचर.

काही नाही.

"कॅप, बोला काहीतरी. अख्खी लाइन अडलीये."

तरी नाही. इतकी माणसं खोळंबलेली, आणि ह्याला एक शब्द जड! मला वाटत होतं जोर लावावा आणि मोकळं व्हावं. पण तो पुढे ब्रेक दाबून बसलेला, मधे रिकाम्या वाघिणी, मी ढकललं असतं तर वळणावर ढीग झाला असता. त्याच्या तोंडून निघाल्याशिवाय हलता येत नव्हतं.

शेवटी आला आवाज. एवढासा. "ढकल."

"किती नॉच, कॅप?"

"...आठ."

"आधी चार देते, तुम्ही ब्रेक सोडा, मग आठ. बरोबर?"

"बरोबर."

हो, विचारायलाच लागतं, नियम आहे. पण मजा आली, खोटं कशाला बोलू.

गाडी हलली. गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्या येड्यांना कशालाही टाळ्या वाजवायच्या असतात.

कॅपला त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं. केक नाही, काही नाही, घरी. मला नुसती तोंडी ताकीद मिळाली, रेडिओवर न आलेला हुकूम पाळला म्हणून, पण खुर्ची राहिली. आता बर्निसकडे गेले की लोक बाकं माझ्यापासून लांब सरकवतात. डेझने दुसरी पाळी मागून घेतली. बाबा म्हणाले, "खरं होतं, पण रेडिओवर?" आणि तीच माणसं अजून त्या खोटारड्याच्या घरी गरम डबे पोचवतायत, बिचारा कॅप, बिचारा कॅप. बिचारा! माझी खुर्ची जाळून तो स्वतःचे हात शेकत होता, ते कुणाला दिसत नाही.

तू आता तसं बघू नकोस. मनगट डेझने धरलंय, मागे प्रवासी गाडी, कानात डिस्पॅचर, आणि पलीकडे तो खांदे उडवतोय. 'बिघाड आहे' एवढंच म्हणायचं होतं. खरं सांग, ट्रिना, तू काय केलं असतंस?