क्लाइव्हचं माप

नोएलीनने कापडी पिशवीतून लाकडाचा ओंडका काढला आणि दुकानातल्या सगळ्यात देखण्या शेगडीच्या पोटात आडवा घातला. तो बसला नाही. तिने तिरका घालून पाहिला, उभा घालून पाहिला. काचेचं दार काही केल्या लागेना.

"घरून लाकूड घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतेय," दुकानातली टेगन म्हणाली.

"मग काय, डोकं घालून बघू आत?"

टेगन खळखळून हसली. नोएलीन हसली नाही. तिने ओंडका काढून शेजारच्या थोराड शेगडीत सरकवला. तो आत अलगद बसला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मे महिना, म्हणजे इथल्या हिवाळ्याची सुरुवात; डोंगरावर बर्फ दिसू लागलं होतं आणि घर तापवणाऱ्या जुन्या शेगडीची पाठ फुटली होती. ओंडका क्लाइव्हचा, तिच्या नवऱ्याचा. ह्यूऑनच्या खोऱ्यात माणसाची किंमत त्याच्या लाकडांच्या ढिगावरून करतात. येणारे-जाणारे गाडी हळू करून बघतात आणि पुढे जाऊन नावं ठेवतात. क्लाइव्हच्या ढिगाला कुणाची नावं ठेवायची छाती नव्हती. प्रत्येक ओंडका एका मापाचा, टोकाला टोक लागून. गेल्या वसंतात अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला. यांत्रिक करवत शेडमध्ये टांगली गेली. मागे राहिली ती तीन हिवाळ्यांची लाकडं, सगळी जुन्या शेगडीच्या मापाची.

"खोली केवढी आहे तुमची?" टेगनने विचारलं.

नोएलीनने सांगितलं.

"मग ही नका घेऊ. एवढ्याशा खोलीत हिचं नाक दाबून जाळ मंद ठेवावा लागेल. नुसता धूर होईल आणि धुराडं काजळीने भरेल. ती मघाची छोटी घ्या."

"मला हीच हवी."

टेगनचं खरं होतं, हे तिलाही कळत होतं. पण छोटी घ्यायची म्हणजे ढीग पुन्हा कापायला शेजारच्या केल्विनला बोलवायचं, आणि क्लाइव्हने खिडकीत बसून ते बघायचं. हे ती होऊ देणार नव्हती.

दुकानाचं दार उघडलं. काठी टेकत क्लाइव्ह आत आला. 'तूच निवड, मला काय विचारतेस आता,' म्हणून तो गाडीतच बसून राहिला होता. ते 'आता' तिला सकाळपासून टोचत होतं.

त्याने ओंडक्याकडे पाहिलंही नाही. काठी काखेत धरून डाव्या हाताने मोठ्या शेगडीची मूठ वर उचलली. ती फिरवायला दार दुसऱ्या हाताने दाबून धरावं लागत होतं. काठी खाली पडली. टेगन धावली, तशी नोएलीनने तिची बाही धरली.

क्लाइव्हने स्वतःच वाकून काठी उचलली आणि छोट्या शेगडीपाशी गेला. खटका एका बोटाने सरकला. दार उघडलं. त्याने ते लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"ही," तो म्हणाला.

"क्लाइव्ह, तुझी लाकडं जायची नाहीत यात."

"कापून घालू."

"कोण कापणार? केल्विन?"

"त्याला पाव सरळ कापता येत नाही. तू काप."

"मी? आजवर करवतीला बोट लावू दिलं नाहीस मला!"

"चुकलंच ते. तुझा बाप मला करवत शिकवत होता तेव्हा कुंपणावर बसून माझ्या चुका कोण मोजत होतं?" त्याने छोट्या शेगडीचा खटका पुन्हा सरकवला. "रोज तू शेगडी पेटवतेस आणि मी पांघरुणात पडून ऐकत राहतो. मला नाही सोसत गं ते."

नोएलीनने ओंडका पिशवीत टाकला.

"छोटी द्या," ती टेगनला म्हणाली.

पुढचे काही दिवस शेडमधून करवतीचा आवाज येत राहिला. क्लाइव्ह डाव्या हाताने खडूची खूण करायचा, ती कापायची. सुरुवातीचे वाकडे तुकडे त्याने मागच्या रांगेत दडवले. ढीग पुन्हा रचून झाला त्या दुपारी केल्विनने रस्त्यावर गाडी हळू केली.

"काय रे, कुणाला बोलावलंस? मला हाक मारायचीस की! पण काम चोख आहे हं. राग मानू नकोस, तुझ्यापेक्षा सरळ."

स्वयंपाकघराच्या खिडकीत नोएलीनचा बशी पुसणारा हात थांबला.

"राग कसला?" क्लाइव्ह खिडकीकडे वळून मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "म्हाताऱ्या फ्रँकच्या पोरीचा हात आहे तो. मी तिच्या बापाचा दोन नंबरचा चेला."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली ती खटक्याच्या आवाजाने. शेजारची गादी रिकामी होती. काडी ओढल्याचा आवाज आला. विझली. दुसरीही विझली. काड्यांची पेटी खाली पडली आणि पाठोपाठ एक कचकचीत शिवी ऐकू आली. नोएलीनने पांघरूण घट्ट धरून ठेवलं आणि ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने धुराडं घुमू लागलं.

"उठा, बाईसाहेब," क्लाइव्ह बाहेरून ओरडला, "घर तापलंय."