नालेकडे पाहणारी सुई

मी एका जुन्या होकायंत्राची सुई आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने संशयी आहे. कुणी जवळ आलं की त्याच्यापाशी लोखंड आहे का, ते मी आधी पाहते.

माझा जन्म विलायतेतला. नोकरी मात्र रत्नागिरीत, नासिर तांडेलाच्या गलबतावर, सुकाणूपुढच्या लाकडी पेटीत. मंगळूरहून कौलं भरायची आणि मुंबईला उतरवायची. बारा वर्षं मी उत्तर सोडली नाही. नासिर माझी काच सदऱ्याच्या टोकाने पुसायचा. पुढे १९२७ च्या सुमारास माझ्यातली ओढ आटली आणि मी वाटेल तिथे थांबू लागले.

बंदरावर मुसा कंदील दुरुस्त करायचा. शाळा त्याने चौथीत सोडली होती. वीज तो एका फाटक्या पुस्तकातून आणि पुष्कळशा झटक्यांतून शिकला. लोणच्याच्या बरण्यांत जस्त, तांबं आणि शिरका घालून तो ती स्वतः तयार करायचा. त्याची बायको झुबेदा उघड्या तांब्याच्या तारेवर सुती दोरा गुंडाळत बसायची. शेजारणी तिच्याकडे पाहून पदर सावरायच्या.

नासिरने मला त्याच्याकडे दिलं, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून.

"ह्या बरण्यांत काय कोंडलंयस?"

"वीज, तांडेल."

"दिसत नाय ती."

"वारा तरी कुठं दिसतो? त्याच्यावर गलबत चालवताच ना?"

मलाही हा माणूस पसंत नव्हता. त्याने मला तारेच्या वेटोळ्यात ठेवलं, बरण्या जोडल्या. आत काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बाहेर आले ती ताठ उत्तरेला तोंड करून.

पुढच्याच फेरीत धुक्यामुळे किनारा दिसेना. नासिर माझ्या भरवशावर गेला आणि गलबत जयगडजवळच्या वाळूत रुतलं. माणसं वाचली. कौलं फुटली. भरतीला गलबत सुटून बंदरात परतलं. झालं! मुसाने सुई मंतरली, असं बंदरभर झालं. नासिर मला आणि चार खलाशांना घेऊन त्याच्या दारात आला.

"जुम्म्याच्या नमाजाआधी ह्या बरण्या, तारा, सगळं खाडीत बुडव. नायतर मी बुडवीन."

सात वर्षांची खटपट होती ती. मुसा एवढंच म्हणाला, "आधी सुई बघू द्या."

दोन्ही तळव्यांवर मला घेऊन तो धक्क्यावरून निघाला. मागे सारा बाजार. धक्क्यावर मी उत्तरेला. गलबतावर चढायच्या फळीवर उत्तरेला. पेटीत ठेवलं मात्र, मी गर्रकन वळले. खलाशी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुसाने पेटीखाली हात घातला. तिथे घोड्याची नाल होती, नवे तीन खिळे मारून ठोकलेली.

"ही कुणी ठोकली?"

नासिर समुद्राकडे पाहू लागला. झुबेदा धक्क्यावरून म्हणाली, "नासिरभाय, आमच्या करणीवर उतारा बरा लागू पडला हां!"

"तसं नाय," नासिर पुटपुटला. "सुई त्या बरण्यांतून आली. म्हटलं, गलबताला काय बाधू नये."

नाल निघाली. मी मुकाट्याने उत्तरेला आले. नासिरने माफी मागितली नाही. नाल मुसाच्या हातात देऊन म्हणाला, "घे. तुझ्या दाराला ठोक."

मुसाने ती दाराला ठोकली नाही. तिच्यावर झुबेदाची तार गुंडाळली, बरण्या जोडल्या, आणि त्या नालेने घरातली विळी उचलून धरली.

"आणि आता मासळी कशावर कापू?" झुबेदा ओरडली. त्या शोधाचं झालेलं कौतुक एवढंच.

पुढे गलबत मोडीत निघालं. मुसाही गेला. १९३८ साली झुबेदाने त्याची नाल आणि नासिरने मला एका शाळेला दिलं. तिथल्या कपाटात आम्ही दोघी अगदी शेजारी आहोत. समोर चिठ्ठी आहे: 'होकायंत्र, नादुरुस्त.' मुसाचं नाव कुठेच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणणार नाही. ते तुम्हाला सगळेच सांगतात. फक्त कपाट उघडा आणि ती नाल हातभर दूर सरकवा. मग माझ्याकडे पाहा, आणि ती चिठ्ठी कुणी लिहिली ते विचारा.