अंगठ्याची जागा

पहिला घाव सदाशिवच्या उजव्या अंगठ्यावर बसला. हात गिटारीच्या अंगावर सैल पसरलेला होता, मागे घ्यायला उसंतच मिळाली नाही. हातोडी तबल्याचे गट्टे ठोकायची, जेमतेम वीतभर. पण थोरल्या भावानं, धोंडिबाअण्णानं, ती अशी हाणली की हाड मोडल्याचा आवाज सदाशिवच्या बायकोला, विमलला, स्वयंपाकघरात ऐकू आला.

"वाजव आता! वाजव की एकटा!"

दुसरा घाव गिटारीच्या पोटात घुसला. विमल कणकेच्या हातांनीच धावत आली आणि दिराच्या मनगटाला लोंबकळली.

"बिड्री भावजी, सोडा! पाठच्या भावाचा जीव घ्यायलाय काय?"

झटापटीत तिच्या बांगड्या फुटल्या, काचा मनगटात शिरल्या. अण्णानं तिला झटकलं, उंबऱ्याबाहेर गेला आणि अंगणातल्या भिंतीवर मुठी आपटत राहिला. मग आत येऊन भाजीच्या सुरीनं स्वतःच्याच डग्ग्याचं चामडं टर्रकन उभं फाडलं. तारांवरून रक्त ठिबकत होतं आणि सदाशिव आपल्या अंगठ्याकडे परक्या वस्तूकडे बघावं तसा बघत होता.

घडलं होतं एवढंच, की तो हसला होता.

जुन्या हुबळीत कुठंही कीर्तन असो, बुवांच्या मागे एका अंगाला धोंडिबाचा तबला आणि दुसऱ्या अंगाला सदाशिवची पेटी. दिवसा दोऱ्या-बटणांचं दुकान, संध्याकाळी देवाची चाकरी. पुढं पेटीचा भाता फाटला, दुरुस्तीला दाद देईना, म्हणून भाच्याची अडगळीतली गिटार सदाशिवनं मांडीवर घेतली. आणि एक दिवस फोनवरच्या व्हिडिओत त्याच्या कानी ते संगीत पडलं.

अमेरिकेतल्या लुइझियानाच्या पाणथळ मुलखातली फ्रेंच बोलणारी माणसं, केजन म्हणतात त्यांना. डब्याएवढा अकॉर्डियन, त्याचा भाता आपल्या पेटीसारखाच दम घेणारा. सोबत फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि ताल धरायला लोखंडाचा त्रिकोण. त्यांच्याच शेजारच्या काळ्या लोकांचं झायडिको, त्यात तर छातीवर पन्हाळीचा पत्रा बांधून चमच्यांनी खरवडतात.

"अण्णा, हे बघ. गजर रंगात आल्यावर आपली माणसं डोलतात, तशीच डोलायलीत की!"

सदाशिवनं ते सगळं एका गिटारीवर उतरवायला घेतलं. खालच्या सुरांच्या तारांवर अंगठा ताल धरी. तर्जनी-मधलं बोट दोन तारा जोडीनं ओढत, त्यातली एक सुरावर धरून ठेवलेली, भात्याचा दम सुटू नये म्हणून. नखांनी हलकं खरवडणं म्हणजे पत्रा. सुरुवातीला अण्णा कौतुकानं साथीला बसे. "मस्त रे सदा, पुन्हा घे," म्हणे. पण अंगठा जसजसा पक्का होत गेला, तसतसा तबला नुसता सोबतीला उरला. देशपांडे नगरच्या एका लग्नात व्यवस्थापक म्हणाला, "ह्यांनाच बसवा, तबल्याला जागा नाही." अण्णानं त्याची गचांडी धरली होती. ती दोघा-तिघांनी सोडवली.

आणि त्या दिवशी धारवाडहून मळमड्डीच्या बुवांचा फोन आला. सदाशिवनं तो मोठ्या आवाजावर ठेवला. अण्णा शेजारीच तबला लावत होता.

"उत्तररंगाच्या आधी तुमची ती अमेरिकन चाल वाजवा, सदाशिवराव. एकटेच या. तबला कशाला? तुमचा अंगठाच तबला की!"

स्तुती ऐकून माणूस हसतो, तसा सदाशिव हसला. बस्स.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पेर वाकणार नाही. हवालदारानं विचारलं, "पडलात काय?"

"नाही. भावानं मारलं."

"मग तक्रार लिहू?"

"खरं विचारलात, खरं सांगितलं. तक्रार नाही."

घरी अण्णाची खोली बंद होती. विमल म्हणाली, "आता मळमड्डीला जायचं नाव काढू नका. हसं होईल."

"देवाला शब्द दिलाय, विमल."

फुटलेल्या पोटाला ठिगळ लावलेली गिटार घेऊन, अंगठ्यावर प्लास्टर, असा तो गेला. बुवा गहिवरले. "नुसते जवळ बसा हो," म्हणाले. सदाशिवनं नाही म्हणून मान हलवली आणि केजन लोकांची तीन मात्रांची संथ चाल दोन बोटांनी सुरू केली. सूर आले, पण पायाखाली जमीन नसल्यासारखे. पहिली मात्रा अंगठ्याची. ती दर खेपेला रिकामी जाई आणि सूर त्या खड्ड्यात ठेचकाळे. दोनदा चाल तुटली. मागून कुणीतरी खोकलं.

तिसऱ्यांदा त्यानं चाल धरली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं त्या रिकाम्या मात्रेवर टाळी दिली. जन्मभर कीर्तनं ऐकलेले हात ते, त्यांना कुणी सांगावं लागत नाही. दुसरी टाळी शेजारणीची. मग सगळं सभागृहच. दोन बोटं सूर ओढत होती, आणि जिथं अंगठा पडायचा तिथं शंभर तळहात एकदम पडत होते. सदाशिवचे डोळे भरून आले. पाणी तारांवर पडू नये म्हणून त्यानं मान वर केली.

दाराबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, अण्णा उभा होता. बोटांच्या सांध्यांवर खपल्या धरलेल्या.

बुवांनीही पाहिलं. "बर्री धोंडिबाराव, आत या की!"

अण्णा हलला नाही. दोन्ही पंजे त्यानं काखेत घट्ट दाबून धरले होते. पण टाळी पडली की त्याचे खांदे हलत, बरोबर मात्रेवर.

चाल संपत आली होती. ती संपली की अण्णा निघून जाणार, हे सदाशिवला कळत होतं. त्यानं मान खाली घातली आणि शेवटचा सूर न घेताच चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.