सातव्या नळीतलं पाणी

स्वरूपा साठे ब्राउनश्वाइगच्या एका लहानशा कंपनीत जमिनीखालच्या पाण्याची पातळी मोजायची. २००६चा सगळा उन्हाळा तिचा मोअरवर गेला. मोअर म्हणजे हजारो वर्षं शेवाळ साचून झालेली काळी, स्पंजासारखी ओली जमीन. तिचं पाणी उतरवायला कायद्यानं बंदी. शेजारून नवा रस्ता जायचा होता, त्यासाठी चाचणीचा चर खणला होता. चरामुळे मोअर सुकत नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं.

सुकत होतं. पाणी मोजायला जमिनीत रोवलेल्या नळ्यांपैकी सातव्या नळीत पाणी हातभर खाली गेलं होतं.

"ती नळी बिघडलीय," साहेब म्हणाले. "रिपोर्टमधून काढून टाका."

नळी धडधाकट होती. तरी स्वरूपानं तिचे आकडे काढून टाकले.

ऑक्टोबरात गावच्या सभागृहात सुनावणी झाली. रस्त्याला हरकत घेणाऱ्यांत फ्राऊ ल्युडर्स होत्या, मोअरकाठी राहणाऱ्या सत्तरीच्या बाई. उन्हाळाभर स्वरूपा त्यांच्याच दारात चिखलाचे बूट काढून त्यांच्या स्वयंपाकघरात चहा प्यायली होती. त्या उठल्या.

"मला ते तक्ते कळत नाहीत. फ्राऊ साठे, तुम्ही स्वतः मोजलंत. तुम्हीच सांगा, पाणी उतरतंय का?"

साहेब शेजारीच बसले होते. टेबलाकडे बघत स्वरूपा म्हणाली, "मोजमापांत तसं दिसत नाही."

"मग मी हरकत मागे घेते," बाई म्हणाल्या, आणि तिच्याकडे बघून हसल्या.

स्वरूपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी नवरा, उत्कर्ष, म्हणाला, "अगं, तुझा व्हिसा या नोकरीवर आहे. मग तू एकटी काय करणार होतीस?"

"खरं बोलणार होते," ती म्हणाली. "त्यांनी मलाच विचारलं रे, नाव घेऊन."

सुनावणीनंतर पाचव्या दिवशी मोजणीची मूळ वही घेऊन ती जिल्ह्याच्या निसर्गरक्षण खात्यात गेली. खात्यानं नळी पुन्हा मोजली. महिन्याभरात चर बुजवायचा हुकूम निघाला. तिची नोकरी त्याआधीच गेली होती.

मग ती फ्राऊ ल्युडर्सकडे गेली. दारातच सगळं सांगितलं, एकही सबब न देता.

बाईंनी ऐकून घेतलं. "चर बुजला, चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण सभेनंतर मी गावभर सांगत सुटले होते, ही मुलगी खोटं बोलायची नाही म्हणून."

स्वरूपाची मान वर होईना. बाईंनी तिला आत बोलावलं नाही, दारही लावलं नाही. शेवटी तीच वळली. बसला पाऊण तास होता; ती स्टॉपवर थांबली नाही, पुढच्या गावापर्यंत चालत गेली.