भिकाजींचा आंब्याचा आकडा

देवगडात कुठल्याही बागायतदाराला विचारा, यंदा आंबा कसा? तो म्हणणार, "खंयचो आंबो? मोहोरच करपलो." मागं झाडं ओझ्यानं वाकलेली असली तरी हेच. खरा आकडा तोंडातून गेला की नजर लागते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. जान्हवी कॉम्प्युटर शिकून आली आणि नेमकं तेवढंच विसरली.

२०१० च्या एप्रिलात तिनं घरच्या कॉम्प्युटरवर डेटाबेस उभा केला. कुठल्या कलमाच्या किती पेट्या, ते भरायला बाबांना, म्हणजे भिकाजींना, शिकवलं. त्यांनी हौसेनं सगळं भरलं. मग तिनं तो इंटरनेटला जोडला आणि समजावलं, की आपली वेबसाइट क्लाऊडवर असते, ती थेट या घरातला आकडा वाचते आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाला दाखवते.

"क्लाऊड म्हणजे ढग मा? आंब्याक ढग कधी मानवले?" भिकाजींनी विचारलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ठरलं असं होतं: आढीत पिकत घातलेला आंबा नासायच्या आत तिनं विकला, तर घरीच राहून हा धंदा करायचा. नाहीतर आंबा दलालाला आणि ती पुण्याला नोकरीला. जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पण ऑर्डर एक येईना. घरभर हापूसचा घमघमाट, आणि वेबसाइट म्हणे माल शिल्लक नाही! जान्हवीनं राउटर तपासला, पोर्ट तपासला, पासवर्ड बदलला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यात शेजारच्या सुभद्राकाकी डोळ्यांना पदर लावून आल्या. भिकाजींचा आंबा गेला, असं त्यांच्या मुंबईच्या लेकानं वेबसाइटवर वाचलं होतं. बिचारीनं घरचे चार आंबे आणले होते.

आता मात्र जान्हवीनं डेटाबेसच उघडला. सगळीकडे शून्य.

"बाबा, ह्यां शून्य कोणी घातल्यान?"

"मी. घरातल्या घरात होता तवसर खरो आकडो लिवलंय. तू सगळ्या जगाक दार उघडलंस. इतक्या लोकांची नजर कोण काढतलो?"

तिला हसावं की रडावं कळेना. ती तरातरा आत गेली आणि पुण्याची बॅग भरायला लागली. मग भिकाजी जवळ आले आणि जन्मात पहिल्यांदा खरा आकडा सांगितला, तोही तिच्या कानात. वर काजळाचं बोट मॉनिटरच्या कोपऱ्यात टेकवलं.

जान्हवीनं तो आकडा भरला आणि ऑर्डरी येऊ लागल्या. आढी रिकामी होत आली, तेव्हा मुंबईहून आत्याचा फोन आला. चेडू कसा काम करता, म्हणून भाचीबद्दल विचारत होती.

भिकाजींनी लेकीकडे डोळे भरून पाहिलं. "कसला काम गो? दिवसभर नुसता बसान आसता. काय्येक जमणा नाय तिका."

जान्हवीनं ते ऐकलं आणि बॅगेतले कपडे परत कपाटात लावायला घेतले.