गेरिटचं दुसरं घर

“संडास आहे ना अजून?” बर्नडीननं विचारलं.

“कोण उचलून नेणार आहे तो?” गेरिट म्हणाला.

दरवर्षी फेब्रुवारीत कराचे कागद भरताना गेरिटच्या बोटीबद्दल बर्नडीनचे हे तीन प्रश्न व्हायचे: झोपायची सोय, चूल आणि संडास. ज्यात हे तिन्ही आहे ते घर, मग ते तरंगत का असेना, असं अमेरिकी सरकारचं उदार मत आहे. त्यामुळे बोटीच्या कर्जावरचं व्याज घराच्या व्याजासारखंच करातून वजा होतं. जन्मभर लोकांच्या तळघरांतल्या, घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केलेल्या गेरिट डाइकहाउसला या नियमाचं भारी कौतुक. दोन घरांचा मालक म्हणवून घेण्याचा तेवढाच मार्ग त्याला परवडला होता.

त्याची बायको कोलीन त्या बोटीवर कधी एक रात्रही झोपली नाही. हलणाऱ्या घरात झोपायला आपण काय बदक आहोत का, असं ती चारचौघांत म्हणायची. शरद ऋतूत दोघांचा घटस्फोट झाला. न हलणारं घर कोलीनला मिळालं, हलणारं गेरिटला. त्याला सत्तरी उलटून गेली होती. गावात तो सांगे, बोटीचं काम काढलंय, म्हणून तिकडेच असतो. ह्युरॉन सरोवर गोठलेलं आणि बोटी किनाऱ्यावर पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या, तरी गाव मान डोलावून ऐकून घेई.

बर्नडीन वीस वर्षं गावातल्या लोकांचे कराचे कागद भरून देत होती. घटस्फोट कागदावर कसे दिसतात हे तिला ठाऊक होतं.

“यंदा दुसरं घर लिहिता येणार नाही रे,” ती म्हणाली. “दुसऱ्याला आधी पहिलं लागतं.”

“आहे की. मेपल रस्त्यावर.”

“ते कोलीनचं.”

गेरिटनं खिडकीबाहेर पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. बर्नडीननं त्याला समजावलं की मुख्य घर म्हणून बोट दाखवली तरी सवलत तेवढीच, छदामाचाही फरक नाही, फक्त पत्ता बदलायचा. सरकारला खरोखरच फरक पडत नव्हता. गेरिटनं टोपी घातली, विचार करून सांगतो म्हणाला आणि सही न करताच निघून गेला.

मार्च संपत आला तरी तो फिरकला नाही. फोनही उचलेना. शेवटी बर्नडीन स्वतःच कागद घेऊन बोटींच्या आवारात गेली. ओळीनं उभे पांढरे गठ्ठे, प्रत्येकाखाली लोखंडी टेकू. एकाच गठ्ठ्यात खालून विजेची तार वर गेली होती, आणि तिच्या शेजारी शिडी होती. शिडीभोवतालचं बर्फ नीट ओढून काढलेलं, आणि शिडीच्या पायाशी, उघड्या खडीवर, एक नवंकोरं पायपुसणं अंथरलेलं.

तिनं हाक मारली. वरच्या प्लास्टिकची चेन सरकली आणि गेरिटचं डोकं बाहेर आलं. तिच्या हातातले कागद त्यानं पाहिले.

“पत्ता काय टाकू?” तिनं विचारलं.

त्यानं खालच्या पायपुसण्याकडे पाहिलं.

“इथलाच टाक,” मग तो म्हणाला. “आणि पाय पुसून ये. आत्ताच झाडून घेतलंय.”

बर्नडीननं एक बूट पुसला, मग दुसरा. बूट केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती पुसत राहिली. वर गेरिट प्लास्टिकचं दार धरून उभा होता.